रुळांपलीकडची शाळा

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या समारंभात मुख्याध्यापिकेने काय बोलावे, याचे काही संकेत ठरलेले असतात. संस्थापकांचे स्मरण करावे, निकालाची टक्केवारी सांगावी, नामवंत विद्यार्थ्यांचा उल्लेख करावा आणि पुढच्या संकल्पांसाठी मदतीचे आवाहन करावे. या सर्व गोष्टी या स्मरणिकेत अन्यत्र आल्या आहेत, आणि माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिलेल्या आहेत. म्हणून मी आज आपली अनुमती घेऊन एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. आपण सर्वजण लहानपणी ज्या रुळांवरून चालत या शाळेत आलात, त्या रुळांविषयी मला बोलायचे आहे.

बेळगावच्या माणसाला पत्ता विचारला की तो रस्त्याचे नाव क्वचितच सांगतो. तो म्हणतो, ‘पहिल्या गेटजवळ’, ‘दुसऱ्या गेटच्या पलीकडे’, ‘तिसऱ्या गेटच्या अलीकडे’. टिळकवाडीचा सगळा भूगोल या तीन रेल्वे गेटांवर उभा आहे. काँग्रेस रोडवरून सायकल हाकताना शेजारून धावणारी गाडी आणि आपण यांची शर्यत लावली नाही, असा विद्यार्थी या सभागृहात विरळाच असेल. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याही आधीपासून हे रूळ येथे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वेने हा मार्ग घातला. तेव्हा तो मीटरगेज होता. रुळांच्या एका अंगाला वस्ती आणि दुसऱ्या अंगाला शाळा, अशी विभागणी झाली ती मागाहून. गाव वाढले, घरे पलीकडे गेली, आणि मुले रोज दोनदा रूळ ओलांडू लागली.

साठ वर्षांचा हिशेब मांडताना आपण किती मुले शिकली ते मोजले. किती मुले रूळ ओलांडून शिकली, ते कोणीच मोजले नाही. मीही मोजले नव्हते. ते मोजण्याची बुद्धी मला ज्या प्रसंगाने झाली, तो आज प्रथमच जाहीरपणे सांगते आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा सहावीची वर्गशिक्षिका होते. शिस्तीविषयी माझ्या कल्पना फार ठाम होत्या. शाळेची घंटा झाली की मुख्य दार बंद होत असे. उशिरा येणाऱ्याचे नाव वहीत लिहिले जाई, आणि महिन्यात तीनदा नाव आले की पालकांना बोलावणे धाडले जाई. ती वही माझ्याकडे होती. मी ती अत्यंत निष्ठेने भरत असे, आणि त्या निष्ठेचा मला अभिमानही होता.

माझ्या वर्गात पलीकडून येणारा एक मुलगा होता. त्याचे वडील उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होते. शाळेचे बोलावणे आले म्हणजे त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक करून घेण्याची गरज वाटली नव्हती, असे म्हणणे अधिक खरे ठरेल. त्या महिन्यात त्याचे नाव वहीत दोनदा आले होते.

त्या दिवशी गेट बंद होते, आणि गेटच्या आडवी मालगाडी उभी होती. पाच मिनिटे झाली, दहा झाली, तरी गाडी हलेना. पलीकडून शाळेची पहिली घंटा ऐकू आली. मोठी माणसे एकेक करून दोन डब्यांच्या मधून वाकून जाऊ लागली होती. त्यांचे पाहून हा मुलगाही डब्याखाली शिरला. तो मध्यावर असताना गाडीला हिसका बसला. उभी मालगाडी निघते तेव्हा आधी पुढचा डबा ओढला जातो, मग त्यामागचा, मग त्यामागचा. खडखडाट पुढून मागे येत जातो, आणि तो आपल्यापर्यंत येईतो वेळ संपलेली असते. गेटमनने केबिनमधून हाक मारली आणि लाल बावटा घेऊन तो धावला. मुलाने अंग झोकून दिले आणि तो अलीकडे येऊन पडला. दप्तर आणि एक चप्पल मात्र रुळांतच राहिली.

मुलगा शाळेत आला तेव्हा घंटा होऊन गेली होती. त्याचे गुडघे फुटले होते. मी विचारले तेव्हा ‘पडलो’ एवढेच तो म्हणाला. आणि मी, पालकहो, वही उघडून त्याचे नाव तिसऱ्यांदा लिहिले.

दुपारी गेटमन शाळेत आला. तो मूळचा धारवाडकडचा, कानडी बोलणारा. पण आपल्या मुलांशी बोलून बोलून बेळगावी मराठी त्याच्या जिभेवर बसली होती. मुले त्याला ‘गेटमामा’ म्हणत. त्याच्या हातात ती एक चप्पल होती. ती त्याने माझ्या टेबलाजवळ खाली ठेवली आणि म्हणाला, “बाई, पोरगं वाचलं बघा. उद्यापासून तुमची घंटा जरा सावकाश मारा की.”

तो रागावला असता तर मला उत्तर देता आले असते. तो रागावला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या मुलाने नियम मोडला होता, हे खरे; परंतु तो मोडायला त्याला कोणी भाग पाडले, हा प्रश्न माझ्यासमोरून हलेना. एका बाजूला रेल्वेची मालगाडी आणि दुसऱ्या बाजूला माझी वही, या दोन्हींच्या मध्ये ते अकरा वर्षांचे मूल सापडले होते. मालगाडी थांबवणे माझ्या हाती नव्हते. वही माझ्या हाती होती.

दुसऱ्या दिवशी मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांकडे गेले आणि घडले ते सांगितले. त्यांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. आठवडाभरात शाळेत एक नियम झाला. तुमच्यापैकी पुष्कळांना तो ‘गेटसूट’ या नावाने आठवत असेल. गेट बंद असल्यामुळे उशीर झाला, असे मुलाने सांगितले की त्याची नोंद करायची नाही, कारण विचारायचे नाही, पुरावा मागायचा नाही आणि त्याला थेट वर्गात बसवायचे. काही शिक्षकांना भीती वाटली की मुले याचा गैरफायदा घेतील. काहींनी घेतलाही, त्या काहींपैकी दोघे-तिघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत. पण मी हिशेब केला, आणि दहा लबाड्या पत्करून एक पाय वाचत असेल तर तो व्यवहार शाळेच्या फायद्याचाच आहे, असे माझ्या मनाने घेतले. हा नियम आजही लागू आहे.

हा प्रसंग सांगण्यापूर्वी मी त्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. तो आता दुसऱ्या शहरात चांगल्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, “सांगा बाई, पण नाव नको. बाबांना अजून ठाऊक नाही.”

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळते. गेल्या काही वर्षांत आपल्या रुळांवर पुष्कळ बदल झाले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मीटरगेजचे ब्रॉडगेज झाले. अलीकडे मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण झाले. २०२४ सालापासून पुणे-हुबळी ‘वंदे भारत’ही येथून जाते. हा सर्व विकास स्वागतार्ह आहे. पण तुम्ही ज्या रुळांवरून गेलात ते हे रूळ नव्हेत, हे माजी विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे. ‘आम्ही नाही का गेलो? आम्हांला काय झाले?’ असे आपण मुलांसमोर सहज बोलून जातो. तेव्हा एकच मार्ग होता. गाडी गेली की रूळ मोकळा होई. आता एक गाडी गेली की तिच्या पाठीआडून दुसऱ्या रुळावर समोरून दुसरी येत असू शकते, आणि पहिलीच्या आवाजात दुसरीचा आवाज बुडून जातो. तेव्हाचे डिझेल इंजिन लांबूनच गर्जत येई. विजेचे इंजिन त्या मानाने मुकाट येते.

आमच्या नववीच्या मुलांकडून मी दरवर्षी एक गणित सोडवून घेते. ते तुमच्यासमोरही मांडते. गाडीचा वेग ताशी १०० किलोमीटर असेल तर ती सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. दोन्ही रूळ आणि दोन्ही कडांचे सुरक्षित अंतर धरले तर मुलाला साधारण १२ मीटर चालावे लागते. दप्तर पाठीवर घेतलेले लहान मूल सेकंदाला एक मीटर चालते असे धरू. म्हणजे त्याला १२ सेकंद हवेत. तेवढ्या वेळात गाडी तीनशे मीटरांहून अधिक अंतर तोडते. तीनशे मीटरांवरची गाडी मुलाला ‘लांब’ दिसते. शिवाय मोठी वस्तू समोरून येताना ती आहे त्यापेक्षा सावकाश येते आहे, असा डोळ्यांना भास होतो. हा भास मोठ्यांनाही होतो. गाडीला वळता येत नाही. आणि चालकाने मूल पाहिले, ब्रेक लावला, तरी त्या वेगातली गाडी थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर जाते.

दुसरे गणित याहून छोटे आहे. रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर ‘सी/फा’ अशी अक्षरे असतात. मुले त्याचे नाना अर्थ लावतात. त्याचा अर्थ ‘सीटी’ आणि ‘फाटक’. पुढे फाटक आहे, शिटी वाजव, अशी ती चालकाला केलेली सूचना आहे. ही पाटी फाटकापासून साधारण ६०० मीटरांवर असते. म्हणजे शिटी कानावर पडल्यापासून गाडी गेटवर येईपर्यंत जेमतेम एकवीस-बावीस सेकंद मिळतात. पावसाळ्यात रेनकोटची टोपी कानांवरून ओढलेली असेल, किंवा कानात मोबाईलची नळी असेल, तर तेवढेही मिळत नाहीत. बेळगावचा पाऊस तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून आमच्या शाळेत पहिला पाऊस पडला की प्रार्थनेनंतर एकच सूचना दिली जाते : रुळांजवळ टोपी मागे, छत्री वर, कान उघडे.

मुलांना आम्ही आणखी जे शिकवतो ते थोडक्यात सांगते. कारण ते घरीही बोलले गेले पाहिजे. उभी गाडी ही उभी नसते. तिच्याखालून किंवा दोन डब्यांच्या मधून कधीही जायचे नाही. मालगाडी सातशे मीटर लांब असू शकते. तिचे इंजिन कुठे आहे हेही गेटवरून दिसत नाही, मग इंजिनातल्या माणसाला तुम्ही कसे दिसाल? गाडी गेली तरी गेट पूर्ण उघडेपर्यंत जागचे हलायचे नाही. ओलांडताना सरळ चालायचे, तिरके नाही. आणि सायकल हातात धरून न्यायची, कारण रुळांजवळच्या फटीत चाक अडकते. हातातले काही पडले तर ते तिथेच सोडायचे. डबा, वही, चप्पल, मोबाईल, काहीही असो. शाळा नवी देईल. रुळावर नाणे ठेवायचे नाही, रुळाला कान लावायचा नाही. रुळाच्या कडेने चालायचे नाही, कारण डबा रुळांच्या बाहेर दोन्ही अंगांना सुमारे पाऊण मीटर आलेला असतो. आणि वर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे; पादचारी पुलावरून पतंग, काठी, पाणी यांचा खेळ मुळीच करायचा नाही.

हे सर्व मुले शिकतात. परीक्षेत लिहितात. चित्रे काढतात. आणि मग एके सकाळी वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून येतात. गेट पडते आहे. वडील वेग वाढवतात. किंवा पडलेल्या दांड्याखालून स्कूटर तिरकी करून, मान वाकवून पलीकडे जातात. वर मुलाला म्हणतात, ‘वाक जरा.’ पालकहो, मी वर्षभर जे शिकवते ते त्या दोन शब्दांत पुसले जाते. रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यातील १४७ व्या कलमानुसार विनापरवाना रूळ ओलांडणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पण मी तुम्हांला कायद्याचे भय घालत नाही. मुलाच्या मनात तुमची जी पत आहे, तिचे स्मरण करून देते.

गेट पडायला एवढा वेळ आधी का पडते, अशी आपली नेहमीची तक्रार असते. त्याचे कारण मला त्या गेटमामांनीच समजावून सांगितले होते. जिथे गेट सिग्नलला जोडलेले आहे, तिथे गेट पूर्ण बंद होऊन कुलूप लागल्याखेरीज गाडीला सिग्नलच मिळत नाही. आपण शेवटच्या क्षणी घुसतो, तेव्हा गेट लागत नाही, गाडी बाहेर थांबते, आणि मग ती येईपर्यंत गेट आणखी वेळ बंद राहते. आपल्या घाईचा दंड आपणच भरतो.

हा प्रश्न केवळ आपल्या गावाचा नाही. जुलै २०१४ मध्ये तेलंगणातील मासाईपेट येथे विनाचौकीदार फाटकावर शाळेची बस गाडीखाली सापडली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ तशाच फाटकावर शाळेच्या गाडीतील १३ मुले गेली. त्यानंतर देशाला जाग आली, आणि जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व विनाचौकीदार फाटके काढण्यात आली. ही मोठी कामगिरी आहे, आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. तरीही जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या गाडीला अपघात झाला आणि तीन मुले दगावली. तिथे गेटही होते आणि गेटमनही होता.

या सर्व घटना वाहनांच्या आहेत. त्यांची बातमी होते, चौकशी होते. पायी चालणारे मूल एकेकटे जाते, आणि त्याची नोंद ‘रूळ ओलांडताना मृत्यू’ एवढीच होते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ साली आपला अहवाल दिला. दरवर्षी सुमारे १५,००० माणसे रूळ ओलांडताना प्राण गमावतात आणि त्यांतील सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर, असे त्या समितीने नमूद केले. सुसंस्कृत समाजाला ही गोष्ट मान्य होऊ शकत नाही, असे समितीने कठोर शब्दांत म्हटले, आणि देशातील सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत अशी शिफारस केली.

फाटके काढली, उड्डाणपूल बांधले, म्हणजे प्रश्न सुटला असे आपल्याला वाटते. मलाही वाटत असे. आपल्या गावात कपिलेश्वर मंदिराजवळ, गोगटे सर्कलजवळ, तिसऱ्या गेटवर पूल झाले. वाहनांची मोठी सोय झाली. परंतु पायी येणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहा. पूल झाला की खालचे गेट कायमचे बंद होते. जिथे ते तीस पावलांत पलीकडे जात होते, तिथे आता त्याला चढ चढून, वाहनांच्या गर्दीतून, लांबचा वळसा घालून जावे लागते. मूल ते करत नाही. ते भिंतीतले भगदाड शोधते. गेट होते तोवर तिथे निदान एक माणूस होता, दांडा होता, दिवा होता. भगदाडाला गेटमामा नसतो.

असे का होते, याचा शोध घेताना मला एक गोष्ट कळली, आणि ती मी विसरू शकलेले नाही. एखाद्या फाटकावर पूल हवा की नको हे ठरवताना रेल्वे तिथली रहदारी मोजते. दिवसाच्या गाड्यांची संख्या आणि दिवसाच्या वाहनांची संख्या यांचा गुणाकार करतात. त्याला ‘ट्रेन व्हेईकल युनिट’ म्हणतात. तो एक लाखाच्या वर गेला की रेल्वे व राज्य सरकार यांच्या निम्म्या-निम्म्या खर्चाने पूल होण्यास ते फाटक पात्र ठरते. या मोजणीत मोटारीला एक गुण आहे. बैलगाडीला एक गुण आहे. रिक्षाला अर्धा गुण आहे. पायी चालणाऱ्या माणसाला गुण नाही. दप्तर घेऊन चालणारी आपली मुलगी त्या गुणाकारात शून्य आहे. कोणी दुष्टपणे असे केले आहे, असे माझे म्हणणे नाही. वाहनांसाठी केलेली मोजपट्टी वाहनेच मोजणार. पण जे मोजले जात नाही ते आराखड्यात येत नाही, हे शिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार?

पादचाऱ्यांसाठी पूल किंवा भुयारी मार्ग केला जातो तिथेही मुलाच्या उंचीवरून पाहणारे कोणी हवे. उंच जिन्याचा पूल असेल तर पायाने अधू असलेले मूल आणि दप्तराच्या ओझ्याने वाकलेले मूल त्यावर चढत नाही. भुयारी मार्गात पावसाळ्यात पाणी साचते; मग पुन्हा वरून रूळ. आणि मार्गात दिवा नसेल, टवाळ मुले उभी असतील, तर मुली तिथून जात नाहीत. त्या घरी ‘रस्ता नको वाटतो’ असे सांगत नाहीत. ‘शाळा नको’ असे सांगतात. आठवी-नववीत शाळा सोडलेल्या काही मुलींच्या घरी मी गेले आहे. अभ्यास जड जातो, असे सांगितले गेले. पुष्कळ वेळ बसल्यावर, चहा झाल्यावर, एखादी आई हळूच सांगे की तिन्हीसांजेला त्या बोगद्यातून तिला एकटीला कसे पाठवू? म्हणजे एक दिवा आणि एक माणूस एवढ्यावर एका मुलीचे शिक्षण अडले होते.

आता माझी विनंती. हीरक महोत्सवाचे स्मारक म्हणून प्रवेशद्वारी भव्य स्वागतकमान उभारावी, असा माजी विद्यार्थ्यांचा मानस आहे. त्यांच्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. कमान सुंदरच होईल. पण शाळेचे खरे प्रवेशद्वार इथे नाही. पलीकडून येणाऱ्या प्रत्येक मुलासाठी ते रुळांवर आहे. आज ना उद्या गावातली उरलेली गेटेही बंद होतील; वाढत्या गाड्यांपुढे ते अटळही आहे आणि योग्यही आहे. ती बंद होण्याच्या आधी, त्या जागी पायी चालणाऱ्यांसाठी उताराचा, दिव्याचा, पाणी न साचणारा मार्ग आराखड्यात यावा, यासाठी आपण उभे राहावे.

त्यासाठी तीन गोष्टी करता येतील. पहिली, मोजणी. रेल्वेच्या गुणाकारात आपली मुले नसतील, तर आपण त्यांना मोजू. सकाळच्या व संध्याकाळच्या वेळी, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, किती मुले, किती मुली, किती वृद्ध कोणत्या ठिकाणाहून रूळ ओलांडतात, याची स्वच्छ नोंद. शेजारच्या कन्नड आणि इंग्रजी शाळांनाही यात सोबत घेऊ. रुळांना माध्यम नसते. दुसरी, निवेदन. तुमच्यात अभियंते आहेत, वकील आहेत, रेल्वेत नोकरी केलेले आहेत. हुबळीच्या विभागीय कार्यालयात, महापालिकेत, लोकप्रतिनिधींकडे आकडे, नकाशा आणि पर्याय घेऊन जाणारे निवेदन नुसत्या तक्रारीपेक्षा लवकर ऐकले जाते. तिसरी गोष्ट उद्यापासूनची आहे. मार्ग होईल तेव्हा होईल. तोवर शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास गेटजवळ दोन मोठी माणसे उभी राहावीत. आमचे शिक्षक आळीपाळीने उभे राहतातच. पालक आणि निवृत्त माजी विद्यार्थी आले तर ही साखळी वर्षभर तुटणार नाही.

कमानीच्या निधीतला काही भाग या कामी वळवला तर कमान थोडी लहान होईल. त्याचे मला वाईट वाटणार नाही.

शेवटी एक सांगते आणि थांबते. ते गेटमामा पुढे निवृत्त झाले आणि आपल्या गावी गेले. जाण्यापूर्वी ते शाळेत निरोप घ्यायला आले होते. मी त्यांना शाल दिली. ती खांद्यावर घेऊन त्यांनी विचारले, “घंटा अजून सावकाशच मारता न्हवं?” मी ‘हो’ म्हटले. ते समाधानाने हसले. साठ वर्षांत शाळेची तपासणी करायला अनेक अधिकारी आले, शेरे लिहून गेले. तो शेरा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो पुढेही खरा राहावा, एवढीच या वर्षाची माझी इच्छा आहे.

घरी जाताना गेट पडलेले असेल, तर कृपया थांबा. तुमच्या मागे कोणी लहान उभे असेल.